विविध भूमिका : इनास

ग्लेनने कबरीसाठी नवा दगड ठरवला तेव्हा घरात कुणाचंच काही म्हणणं नव्हतं. काळा ग्रॅनाइट, वर कोरलेला क्रूस, खाली आजोबा, आजी आणि वडिलांची नावं, आणि मधोमध आजोबांचा तोच फोटो, फक्त या वेळी चिनीमातीच्या मोठ्या चकतीवर छापलेला. जुनी चकती पावसाळे खाऊन खाऊन पिवळी पडली होती. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, सगळं सांडोर गाव फुलं आणि मेणबत्त्या घेऊन दफनभूमीत येणार. त्याच्या आत दगड बसायला हवा होता.

"फोटो तेवढा साफ हवा," ग्लेन म्हणाला. "ॲंजेला, तू मध्ये स्कॅन करून कुठेतरी पाठवला होतास ना? तोच दे."

ॲंजेलाकडे स्कॅन होता. तो जिथे पाठवला होता तिथलं उत्तरही आदल्या दिवशीच आलं होतं. ते तिने अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

आजोबा, इनास तुस्कानो, मूकपटांत नट होते एवढं घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. सुरुवात उडीपासून झाली, असं सांगत. केळी घेऊन ते दादरला गेले होते, तिथे कुठल्याशा तळ्याकाठी चित्रीकरण चाललं होतं आणि कड्यावरून पाण्यात उडी मारायला कुणी तयार होईना. इनासचं लहानपण वाडीतल्या विहिरीत उड्या मारण्यात गेलेलं. त्याने डोक्यावरची पाटी खाली ठेवली आणि उडी मारली. मग त्याला दाढी लावून ऋषी केलं, दाढी काढून म्हातारी केली. सावकार, गारुडी, वेडा, प्रधान, राक्षस, जे काम दुसरा कुणी घेईना ते इनासकडे येई. एकदा तर म्हणे तो म्हातारीच्या वेषातच घरी आला, दारात उभा राहून हात पसरला, आणि त्याच्या सख्ख्या आईने त्याला तांदूळ घालून "पुढच्या दाराला जा गं" म्हणून वाटेला लावलं.

पुढे पडदा बोलायला लागला. इनासला कुणीही होता येत होतं, पण राजा झाला तरी त्याच्या तोंडून सांडोरची बोलीच निघायची. कामं थांबली. तो परत आला, उशिरा लग्न केलं, आणि उरलेली वर्षं केळींना आणि पानवेलींना पाणी लावण्यात काढली. मुलगी जुलियाना लहान असतानाच तो तापाने गेला. मुलगा व्हिन्सेंट, म्हणजे ॲंजेला आणि ग्लेनचे वडील, तेव्हा अजून आईच्या पोटात होता.

या व्हिन्सेंटला मोठेपणी ट्रंकेत तो फोटो सापडला. डोक्याला तुरा, कमरेला खंजीर, हनुवटी वर. बाप राजपुत्रही झाला होता, हे पाहून त्याला कोण आनंद झाला. फोटोची एक प्रत कबरीवर गेली आणि मूळ फोटो घरातल्या वेदीवर, मदर मेरीच्या शेजारी.

यंदा एका चित्रपट संग्रहालयात काम करणाऱ्या सीमा नावाच्या बाईंनी ॲंजेलाला शोधून काढलं. एका मूकपटाचा थोडासा तुकडा हाती लागला होता आणि त्याची जाहिरातही. जाहिरातीत नायकाचं नाव मोठ्या अक्षरांत होतं, नायिकेचं त्याखाली, आणि तळाशी एक ओळ : "विविध भूमिका : इनास". यातला इनास कोणता, एवढंच सीमाला हवं होतं. ॲंजेलाने उत्साहाने फोटो पाठवला. उत्तर आलं ते असं : मॅडम, हा फोटो इनास यांचा नाही. हा त्या चित्रपटाचा नायक, मास्टर श्रीपत. याच पोशाखातले त्याचे आणखी फोटो आमच्याकडे आहेत, सोबत जोडते.

ॲंजेला कॉलेजात फिजिक्स शिकवत होती. कुणी सांगितलं म्हणून ती मान्य करणारी नव्हती. तिने दोन्ही फोटो शेजारीशेजारी ठेवून डोळ्यांमधलं अंतर ताडून पाहिलं, कानाची घडण पाहिली, उजव्या भुवईतला खंड पाहिला. शंकेला जागा नव्हती. तिच्या लहानपणापासून घराने ज्या माणसासमोर गुडघे टेकले, तो माणूस त्यांच्यातल्या कुणाचाच कुणी नव्हता.

"मग?" सगळं ऐकून ग्लेन म्हणाला. "कुणाला सांगितलंस?"

"तुलाच."

"छान. आता कुणाला सांगू नकोस. जुलियाना आत्याला तर नाहीच."

"आणि दगडावर परक्या माणसाचा फोटो लावायचा?"

"परका? पपांच्याही आधीपासून त्या कबरीवर आहे तो. आपल्यापेक्षा जास्त हक्क आहे त्याचा." मग त्याने आवाज खाली आणला. "अगं, तिच्याकडे उरलंय काय दुसरं?"

ॲंजेलाला नेमकं तेच टोचत होतं. आत्याने नव्वदी गाठली होती. लग्न केलं नव्हतं, भावाचीच पोरं वाढवली होती. गेल्या काही वर्षांत तिच्या डोळ्यांच्या आतल्या पडद्याचा मधला भाग निकामी झाला होता. ज्याच्याकडे सरळ पाहावं तो पुसला जाई. कडेचं तेवढं दिसे, तेही धूसर. त्यामुळे बोलताना ती माणसाकडे न बघता त्याच्या खांद्यापलीकडे बघे. मासळीवाली जयवंती दर वेळी मागे वळून विचारी, "जुलियानाबाय, माझ्या पाठीमागे कोण उभा केलाय?"

"तुझा नवरा," आत्या म्हणे. "पापलेटाचा भाव ऐकून पळाला."

सगळ्यांचे चेहरे असे एकेक करून गेले. राहिला तो फक्त वेदीवरचा. संध्याकाळची रोजरीची प्रार्थना झाली की ती फोटोच्या काचेवर बोट ठेवी. "बाकीच्यांचं तोंड गेलं, बापूंचं तेवढं आहे," असं ती वडिलांबद्दल म्हणे, कारण त्या चेहऱ्यासाठी तिला डोळ्यांची गरजच नव्हती. तो पाठ होता. आणि आता तो काढून घ्यायचा की राहू द्यायचा, हे ॲंजेलाला ठरवायचं होतं. शिवाय चकतीची ऑर्डर द्यायला ग्लेन घाई करत होता.

तिने मधला मार्ग काढला. सीमाने चित्रपटाचा तुकडाही पाठवला होता. तो आत्याला दाखवायचा आणि आपण एक अक्षर बोलायचं नाही. तिने नायकालाच बापू म्हटलं तर विषय तिथेच संपवायचा. दगड ग्लेनच्या मनासारखा होईल. ॲंजेलाला ही पद्धत आवडली नव्हती. जे उत्तर आपल्याला सोयीचं तेच येऊ दे, अशी इच्छा धरून कुणी प्रयोग करू नये. पण दुसरं काही सुचत नव्हतं.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून जेवणं झाल्यावर तिने खिडक्यांचे पडदे ओढले आणि टीव्ही लावला. ग्लेन हाताची घडी घालून दाराला टेकून उभा राहिला. आत्या खुर्चीत ताठ बसली होती, चर्चला नेसलेलं लुगडंही न बदलता.

"बापूंचा पिक्चर आणि मी घरच्या कपड्यात बघू?"

पडद्यावर दरबार उजळला. रंगवलेले खांब, सिंहासनावर राजा, आणि मधोमध तुरा लावलेला राजपुत्र, हनुवटी वर.

"दिसतंय का, आत्या? कोण आहे?"

"कुठला?"

"मधला."

"मधला मला कुठून दिसणार, बाय?" आत्या म्हणाली. "मधलं सगळं गेलंय."

आणि तिने मान वळवून खिडकीकडे तोंड केलं.

"आत्या, टीव्ही इकडे आहे," ग्लेन म्हणाला.

"ठाऊक आहे मला. बघतेच आहे. तू गप्प उभा राहा."

ॲंजेलाच्या लक्षात आलं. डोळ्याच्या कडेला चेहरा ओळखू येत नाही, अक्षर वाचता येत नाही; पण हालचाल मात्र तिथेच सगळ्यात लवकर टिपली जाते. वर्गात हे तिने कितीदा सांगितलं होतं. समोर बसून असं पाहणारी बाई तिने आज पहिल्यांदा पाहिली. आत्या पडद्याकडे पाठ फिरवल्यासारखी बसली होती आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून सारा दरबार पाहत होती.

राजा हात हलवून काही बोलला, अक्षरांची पाटी आली आणि गेली.

"थांबव," आत्या म्हणाली. "मागे घे. तो दारातला, भालेवाला."

"त्याचं काय?"

"पाणी मोडतोय."

ग्लेन हसला. "आत्या, राजवाडा आहे तो. पाणी कुठलं तिथे?"

"राजवाडा असेल. तो पाणी मोडतोय."

ॲंजेलाने तो भाग पुन्हा लावला. चौकटीच्या अगदी टोकाला, भरघोस मिशांचा एक द्वारपाल भाला धरून उभा होता. त्याला काम काहीच नव्हतं. राजाचं बोलणं लांबलं तसा त्याचा उजवा पाय किंचित बाहेर गेला, टाचेने काहीतरी आत ओढलं, आणि पावलाच्या बाहेरच्या कडेने ते दाबलं. एकदाच. मग पाय जागेवर.

वाडीत रहाट होते तेव्हा पाणी पाटाने येई. एका केळीचं आळं भरलं की पाट फोडून ते पुढच्या केळीकडे वळवायचं, आणि आधीचं तोंड बंद करायचं. हाताने कोण वाकत बसणार? टाचेने चिखल ओढायचा, पावलाच्या कडेने थापायचा, पुढे सरकायचं. दिवसभर हेच. ही सवय इतकी मुरे की माणूस चर्चच्या फरशीवर उभा असला तरी पाय मध्येच न आलेल्या पाण्याला बांध घाली. पंप आणि नळ्या आल्यावर ते सारं गेलं. ॲंजेलाने स्वतः ते कधी केलं नव्हतं.

"टाचेने तर सगळेच मोडत असतील ना?" तिने सावधपणे विचारलं.

"मोडत. पण बापू ओढून झाल्यावर अंगठा वर उचलायचे. अंगठ्यात काटा मोडलेला, तो कधी निघालाच नाही. बघ उचलतोय का."

ॲंजेलाने चित्र मोठं करून पाहिलं. द्वारपालाचा अंगठा उचलला गेला होता.

पुढच्या प्रसंगात आश्रम होता. जटा आणि छातीवर रुळणारी दाढी, असा एक ऋषी शाप देऊन मागे सरला आणि कमंडलू धरून उभा राहिला.

"हे पण बापू," आत्या म्हणाली.

त्यानंतर पाठीत वाकलेली एक म्हातारी राजपुत्राला वाट दाखवायला आली.

"ही पण."

"आत्या, ही बाई आहे," ग्लेन म्हणाला. आता तो दारापासून पुढे आला होता.

"असेल बाई. बापू आहेत."

मग ॲंजेलाने तिच्या स्वभावाप्रमाणे केलं. प्रसंगांचा क्रम बदलला, मध्ये ज्यांत तो नाही असे तुकडे घातले, एक तर दुसऱ्याच मूकपटातला घातला, आणि काही न सांगता पुन्हा दाखवलं. आत्या खिडकीकडे बघत "नाही", "नाही", "हे बापू", "नाही" म्हणत गेली. ती एकदाही चुकली नाही. शेवटी वैतागून म्हणाली, "परीक्षा घेतेस होय गं? मीच तुला पाढे शिकवलेत."

तुकड्याच्या शेवटी राजपुत्र कड्यावरून तळ्यात उडी मारतो. जवळून त्याचा चेहरा दिसतो, मग लांबून, पाठमोरा, तोच पोशाख आणि तुरा. कड्याच्या टोकाशी तो क्षणभर थांबतो, टाच किंचित आत ओढली जाते.

आत्या खुर्चीच्या हातांवर रेलून पुढे झाली. "हे बापू."

"बघ!" ग्लेनने टाळी वाजवली. "मी म्हणत होतो ना? हीरोच होते! तुझ्या त्या सीमाबाईंना काय कळतंय."

ॲंजेलाला विषय इथे संपवता आला असता. ग्लेन तिच्याकडे डोळे मोठे करून बघत होता. पण अंगठा पाहिल्यानंतर तिला खोटं बोलवेना. बापाला त्याच्या टाचेवरून ओळखणाऱ्या बाईला दुसऱ्याच कुणाचा चेहरा देऊन घरी बसवायचं, हे बरोबर नव्हतं.

"आत्या," ती खुर्चीशेजारी खाली बसली. "उडी बापूंची आहे. पण त्याच्या आधी चेहरा दिसतो तो त्यांचा नाही. तो नायक होता, श्रीपत नावाचा. आपल्या वेदीवरचा फोटो त्याचाच आहे. बापूंचा नाही."

आत्याने मान खिडकीकडून वळवून सरळ तिच्याकडे केली. म्हणजे आता तिला ॲंजेला दिसत नव्हती.

"मग बापूंचा चेहरा?"

"आपल्याकडे नाही. या पिक्चरमध्येही नाही. सगळीकडे दाढी आहे, मिशा आहेत, पदर आहे."

टीव्हीवरचं चित्र थांबलेलं होतं, तळ्यावर उठलेलं पाणी तसंच वर.

"मी मागून चालायचे," आत्या म्हणाली. "ते पुढे पाणी मोडत, मी मागे चिखलात. तोंड कधी बघितलं असेल? टाच दिसायची. व्हिन्सेंटने फोटो आणून दाखवला तेव्हा मी म्हटलं, असतील. तो इतका खूश होता, नाही कशी म्हणू? मग रोज बघून बघून बापू तसेच झाले."

त्या संध्याकाळी रोजरी झाल्यावर तिने काचेवर बोट ठेवलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने खुर्चीच वेदीपासून दूर, ओट्यावर नेली. जेवण अर्धं टाकून उठू लागली. जयवंतीने "माझ्या मागे कोण?" विचारलं, तर नुसतं "कोणी नाही" म्हणाली. ग्लेन ॲंजेलाशी कामापुरतंच बोलत होता. सत्य सांगितलं की माणसाला बरं वाटतं असं तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. तरी तिने आतून तशीच अपेक्षा धरली होती, हे तिला आता कळत होतं.

आठवडा संपताना आत्याने हाक मारली. "ती म्हातारी लाव गं."

ॲंजेलाने लावली. आत्याने खिडकीकडे तोंड केलं. म्हातारी वाकून आली, वाट दाखवली, बाजूला उभी राहिली. टाच हलली.

"आजीने हिलाच तांदूळ घातले असतील," आत्या म्हणाली आणि पहिल्यांदा हसली. मग म्हणाली, "पण मग त्या दुसऱ्याचा फोटो बापूंनी ट्रंकेत कशाला ठेवला?"

हा प्रश्न ॲंजेलाच्याही डोक्यात होता. "नक्की सांगता येणार नाही. पण त्याच्याऐवजी उडी मारायची म्हणजे पाठीमागून त्याच्यासारखं दिसायला हवं. खांदे, मान, उभं राहणं. फोटो समोर ठेवून शिकत असतील."

"म्हणजे बापूही त्याच्याकडे रोज बघायचे."

"बघत असतील."

"हं," आत्या म्हणाली. तिने हात पुढे केला. ॲंजेलाने वेदीवरचा फोटो आणून तिच्या मांडीवर ठेवला. आत्याने मान वाकडी करून तो कडेने पाहायचा प्रयत्न केला, जमला नाही, तेव्हा काच पदराने पुसली. "देखणा आहे ना गं?"

"खूप."

"पाण्याला भ्यायचा मेला," आत्या म्हणाली.

चकतीचा प्रश्न राहिलाच होता. ग्लेनने द्वारपाल, ऋषी आणि म्हातारी अशी तिन्ही चित्रं छापून आणली आणि जेवणाच्या टेबलावर मांडली.

"बोला. मिशीवाला शिपाई आजोबा म्हणून खपेल. ऋषी लावला तर फादर मला कन्फेशनला बोलावतील. म्हातारी लावली तर सगळे म्हणतील, आजीचा फोटो छान आलाय."

"काही लावू नकोस," आत्या म्हणाली. "कुणाला ओळखू येऊ नये म्हणून आयुष्यभर धडपडले ते. आता दगडावर पकडून ठेवता? नाव घाल आणि त्या जाहिरातीत नावापुढे होतं ते घाल."

सीमाला ॲंजेलाने सगळं सविस्तर कळवलं, अंगठ्यासकट. सीमाने द्वारपाल, ऋषी, म्हातारी आणि उडी यांच्यापुढे इनास तुस्कानो हे नाव घातलं, आणि कंसात "कुटुंबीयांनी ओळखल्यानुसार" असं लिहिलं. ॲंजेलाला ते पटलं. तिनेही तेच लिहिलं असतं.

दोन नोव्हेंबरला दफनभूमीत पाय ठेवायला जागा नव्हती. झेंडू आणि शेवंतीचे ढीग पडले होते, पोरं मेणाचे गोळे करत होती, कुणी उमेळ्याहून, कुणी नालासोपाऱ्याच्या फ्लॅटमधून आलेलं, वर्षात एकदा भेटणारे एकमेकांच्या तब्येती विचारत होते. तुस्कानोंचा दगड काळा आणि नवा होता. वरच्या नावाखाली बारीक अक्षरांत दोन शब्द कोरले होते : विविध भूमिका. येणारे वाचत, एकमेकांकडे पाहत, आणि मग ग्लेन प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगत होता. आता तोच सगळ्यात रंगवून सांगे.

आत्याने ॲंजेलाचा हात धरून वाकून मेणबत्त्या लावल्या. बापूंची, आईची, व्हिन्सेंटची. मग पिशवीत चाचपून आणखी एक काढली.

"ही कुणाची, आत्या?" ग्लेनने विचारलं. "सगळ्यांच्या झाल्या."

"श्रीपतची."

"त्याचा आपल्याशी काय संबंध आता?"

"इतकी वर्षं लावली," आत्या बाजूच्या कबरीकडे बघत म्हणाली, म्हणजे ती ग्लेनकडेच बघत होती. "वाट बघत असेल. काडी पेटव."

वारा होता. ग्लेनने काडी पेटवली आणि दोन्ही हातांचा आडोसा धरला.